पिकअपचं डिझेल कुठं मुरतंय?

नव्या पिकअपवाल्याचा बँकेचा हप्ता ठरलेला असतो, विमा ठरलेला असतो आणि भाड्याचा दर मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, दुसरेच लोक ठरवतात. त्याच्या स्वतःच्या हातात राहतं ते डिझेल. लिटरला ९० रुपये धरा आणि महिन्याला २,५०० किलोमीटर. गाडी १२ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर महिन्याला २०८ लिटर लागतं, १४ चं देत असेल तर १७९. फरक तीस लिटरच्या आसपास, म्हणजे पावणेसत्तावीसशे रुपये. हा लेख त्या तीस लिटरचा आहे. पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं करा. मोजणी न करता थेट मिस्त्रीकडं गेलात तर खर्च होईल, पण फरक पडला की नाही ते कळणार नाही.

आधी मोजा

डॅशबोर्डवर दिसणारा अ‍ॅव्हरेजचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो. शोरूममध्ये सांगितलेला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. त्या चाचणीत ना गावोगावचे स्पीडब्रेकर असतात, ना आडतीसमोरची रांग. खरा आकडा टाकी ते टाकीच निघतो.

एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, गाडी सपाट जागेवर उभी करा. नोझल आपोआप कट झालं की तिथंच थांबा. ‘अजून थोडं बसेल’ म्हणून वरून कोंबू नका, कारण दर वेळी कोंबलेलं डिझेल सारखं नसतं आणि हिशेब तिथंच बिघडतो. मीटर लिहून घ्या. किमान ४०० किलोमीटर चालवा, परत त्याच पंपावर त्याच रीतीनं भरा, आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरनं भागा. शंभर किलोमीटरवर मोजू नका. भरण्यात अर्धा लिटर इकडंतिकडं झालं तर १० लिटरमागं ती पाच टक्क्यांची चूक होते, ३५ लिटरमागं दीड टक्क्याचीही नाही.

वहीतली नोंद अशी असावी:

१२ तारीख, मीटर ४८,२१०, टाकी फुल.
१५ तारीख, मीटर ४८,६२२, टाकी फुल, ३३.६ लिटर. जाताना सोयाबीन १२ क्विंटल, येताना रिकामी. मोंढ्यात दोन तास रांग.

४१२ भागिले ३३.६, म्हणजे १२.२६. शेवटचं वाक्य लिहायचा कंटाळा करू नका. महिन्याभरानं अ‍ॅव्हरेज का पडलं याचं उत्तर त्याच वाक्यात सापडतं.

मीटरही एकदा तपासा. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवर २० किलोमीटर चालवून बघा. मीटर २०.८ दाखवत असेल तर तुमचं प्रत्येक अ‍ॅव्हरेज चार टक्के फुगलेलं आहे. टायरचा साइज बदलला की हा फरक हमखास पडतो. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं. ते मागा आणि आपल्यासमोर भरून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे, त्यात भांडण्यासारखं काही नाही. पहाटे थंडीत भरलं की जास्त डिझेल मिळतं, ही समजूत मात्र सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

दोन-तीन टाक्यांची सरासरी हाती आली की पुढं जा. साधारण अडीच लिटर इंजिनाची पिकअप टन-सव्वाटन भारावर ११ ते १४ च्या मध्ये कुठंतरी बसते. छोटा हत्ती अर्थातच त्याच्या वर जातो. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करू नका. त्याचा रस्ता वेगळा, माल वेगळा, आणि चहाच्या टपरीवर सांगितलेल्या अ‍ॅव्हरेजला पावती नसते.

अजून एक गणित डोक्यात ठेवा. अ‍ॅव्हरेज ९ वरून १० झालं तर हजार किलोमीटरला ११ लिटर वाचतं. १४ वरून १५ झालं तर पाच लिटरही वाचत नाही. म्हणून लक्ष द्यायचं ते भरलेल्या, चढाच्या, थांबत-थांबत जाणाऱ्या फेऱ्यांवर. रिकाम्या गाडीनं हायवेवर १७ काढून दाखवण्यात पैसा नाही.

चाकं मोकळी फिरतात का?

टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. पुढची वेगळी, मागची वेगळी, आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीसाठीही बहुतेक वेळा वेगळी. चार-पाचशे रुपयांचं स्वतःचं गेज घ्या. रस्त्याकडेच्या हवावाल्याचं गेज कधी तपासलेलं असतं ते त्यालाही माहीत नसतं.

मराठवाड्यात हवेचा घोळ ऋतूबरोबर होतो. ६० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांमागं साधारण अडीच पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात ३५ अंशांच्या सकाळी भरलेली हवा डिसेंबरात परभणीच्या १२ अंशांच्या सकाळी पाच-सहा पीएसआयनं कमी भरते, आणि ती कुठंही गळालेली नसते. उन्हाळ्यात याच्या उलटी चूक होते. दुपारी तापलेला टायर मोजून ‘हवा जास्त झाली’ म्हणून काढून टाकतात. संध्याकाळी टायर गार झाला की तो बसलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी भार घेतला की बाजूनं तापून फुटतो. गरम टायरमधली हवा कधीच कमी करू नका.

चारही टायर दहा-बारा पीएसआयनं कमी असतील तर दोनेक टक्के डिझेल जातं. टायर त्याहून जास्त जातो. नवे घेताना रेडियल घ्या, नायलॉनपेक्षा ते हलके फिरतात.

आता ब्रेक. काळ्या रानातल्या चिखलातून गाडी गेली की हँडब्रेकची केबल आणि मागचे ड्रम अर्धवट धरून राहतात. ड्रायव्हरला ते जाणवत नाही, कारण इंजिनात ताकद असते. तपासायची रीत सोपी आहे. सपाट जागी उरलेल्या चाकांना दगड लावा, एकेक चाक जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक सोडा आणि हातानं फिरवा. पुढचं चाक थोडं घासत फिरलं तरी चालतं, डिस्क असते. मागचं चाक जड लागत असेल किंवा एक मोकळं आणि दुसरं घट्ट असेल तर ब्रेक धरतोय. दुसरी खूण म्हणजे वीसेक किलोमीटर फारसे ब्रेक न मारता चालवून उतरा आणि हाताची मागची बाजू रिमजवळ न्या, चिकटवू नका. चारपैकी एकच चाक भाजत असेल तर त्याचा ब्रेक किंवा बेअरिंग बघायला घ्या. धरलेला ब्रेक एकटा अ‍ॅव्हरेजमधून एक किलोमीटर काढून नेऊ शकतो, आणि लायनर खातो ते वेगळंच.

टायरच्या कडेवरून हात फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागत असेल तर अलाइनमेंट गेली आहे. पुढची चाकं सरळ फिरण्याऐवजी घासत चालली आहेत.

हवा, डिझेल, पाणी

एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर बदलायचा, हे पुण्या-मुंबईला ठीक आहे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रानातून, खडी क्रशरच्या बाजूनं किंवा रस्त्याचं काम चालू असलेल्या कच्च्या वळणावरून रोज जाणारी गाडी त्याच्या निम्म्यातच फिल्टर भरते. फिल्टर कोंदला की टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) हवा कमी पडते, गाडी ओढत नाही, ड्रायव्हर पाय आणखी दाबतो आणि मागून काळा धूर निघतो. झटकताना हवा आतून बाहेर मारा, कमी दाबानं आणि नळी लांब धरून. टायरच्या पाइपनं जवळून मारलात तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. ती धूळ मग थेट टर्बोत आणि सिलिंडरमध्ये जाते. कागदी फिल्टर धुवायचा तर नाहीच.

फिल्टरच्या पुढचे रबरी पाइप बघायला बहुतेक जण विसरतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या) पाइपला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली की चढावर ‘सुस्स’ असा आवाज येतो आणि सांध्याभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसते. काळा धूर, न ओढणारी गाडी आणि हा आवाज एकत्र आले तर इंजेक्टर उघडायच्या आधी हा पाइप बघा. क्लिप शंभर-दोनशे रुपयांत येते, इंजेक्टरचं काम हजारांत जातं.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सोडा. स्वच्छ डिझेल यायला लागलं की बंद करा. ड्रममधलं, कॅनमधलं डिझेल टाळा.

थर्मोस्टॅटची (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणाऱ्या झडपेची) गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात ही चूक सर्रास होते. एप्रिलमध्ये पारा ४२ वर गेला, गाडी तापायला लागली, की थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. गाडी तापायची थांबते आणि सगळे खूश होतात. पण इंजिन ८० ते ९० अंशांना नीट चालावं अशा बेतानं बनवलेलं असतं. थर्मोस्टॅट नसला की ते हिवाळ्यात आणि रिकाम्या फेरीत थंडच राहतं, डिझेल जास्त पितं, तेल घट्ट राहतं आणि झीज वाढते. बीएस-६ गाडीत (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचं कामच अर्धवट राहतं. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवर पोचतच नसेल तर जुन्या मालकानं किंवा मिस्त्रीनं हा उद्योग केला आहे का ते विचारा. मूळ दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडं असतं. रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि कापसाचे तंतू अडकलेले असतात, पंख्याचा क्लच गेलेला असतो, किंवा कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलेलं असतं. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट पुस्तकातल्या प्रमाणात, शुद्ध केलेल्या पाण्यातच घाला.

इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. घट्ट तेल टाकलं म्हणजे इंजिन जास्त टिकतं असं नाही, डिझेल मात्र जास्त जातं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीला कमी राख सोडणारं तेल लागतं, नाहीतर फिल्टर तेलाच्या राखेनं भरतो. ती राख जळत नाही.

डीपीएफचं आणखी थोडं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हापासून ही भानगड पिकअपलाही लागली. फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून ती जाळते. गाव ते मोंढा अशा दहा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या आणि मध्ये तासभर चालू इंजिन, असा धंदा असेल तर काजळी लवकर साठते, जाळणं सारखं सुरू होतं आणि प्रत्येक वेळी मध्येच किल्ली बंद केल्यानं अर्धवट राहतं. डिझेल जातं आणि काम होत नाही. दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हायवेवर पंधरा-वीस मिनिटं, साधारण २,००० आरपीएमला, न थांबता चालवा. दिवा विझेपर्यंत बंद करू नका. फिल्टर कापून काढून देणारे भेटतील. पीयूसी, वॉरंटी आणि कायदा, तिन्हीकडं अडकाल.

पाय

गाडी ठीक असेल तर उरलेली बहुतेक बचत ड्रायव्हरच्या उजव्या पायात आहे.

भरलेली ३ टनांची पिकअप ६० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात जो जोर साठलेला असतो, तो ब्रेक मारला की लायनरमध्ये उष्णता होऊन संपतो. शून्यावरून परत ६० वर यायला साधारण ४० मिलिलिटर डिझेल लागतं, म्हणजे साडेतीन रुपये. जालना-बीडसारख्या रस्त्यावर गावं किती, शाळा किती, स्पीडब्रेकर किती ते मोजा. वीस वेळा पूर्ण थांबून परत वेग घेतला की पाऊण लिटरच्या वर डिझेल ब्रेकमध्ये गेलं.

उपाय आधी पाय काढण्याचा. गावाची पाटी दिसली की दोन-तीनशे मीटर आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गिअरमध्येच राहू द्या. गाडी आपोआप ३०-३५ वर येते. स्पीडब्रेकरवर शून्य होण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये १५ नं निघालात तर वेग घेण्याचा बराचसा खर्च वाचतो. समोरचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चालला असेल तर त्याच्या ढुंगणाला लागून ब्रेक-रेस, ब्रेक-रेस करू नका. मागं राहा, मोकळा रस्ता दिसला की एकदाच निघा.

उतारावर न्यूट्रल मारायची सवय ज्यांनी शिकवली त्यांनी अर्धवट शिकवलं. गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकं इंजिन फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही, उलट जातं. आणि घाटात ब्रेक तापून सुटले तर पुढचं सांगायला नको. कन्नडचा घाट असो, मांजरसुंब्याचा की धारूरचा, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

चढाचा खर्च टळत नाही. ३ टनांची गाडी १०० मीटर उंच चढवायला साधारण पाव लिटर लागतंच. पण तो वाढवू नका. १,८०० ते २,००० आरपीएम राहील असा गिअर चढाच्या आधीच धरा आणि पाय एकसारखा ठेवा. वरचा गिअर म्हणजे कमी डिझेल, हे सपाटीवर खरं आहे. भरलेली गाडी चढावर टॉपमध्ये १,१०० वर घुरघुरत असेल आणि पाय तळाला लागलेला असेल तर टर्बोला पुरेशी हवा मिळत नाही, अर्धं डिझेल धुरात जातं. सपाटीवर मात्र २,००० च्या आसपास गिअर बदलत जा, ३,००० पर्यंत ओढू नका.

क्लचवर पाय ठेवून चालवणं ही नवशिक्यांची ठरलेली खोड. प्लेट घसरायला लागली की आरपीएम वाढतं, वेग वाढत नाही.

मोकळ्या रस्त्यावर ५५ ते ६५. समृद्धीसारखा रस्ता मिळाला की काटा आपोआप ८० च्या पुढं जातो. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा अडथळा पावणेदोन पटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि पिकअपचं तोंड भिंतीसारखं सपाट असतं. ६० किलोमीटरच्या पल्ल्यात पंधरा मिनिटं वाचतात आणि अ‍ॅव्हरेज एक-दोन किलोमीटरनं खाली येतं. टोमॅटो लिलावाला पोचवायचा असेल तर ती पंधरा मिनिटं विकत घ्या. सिमेंटच्या पोत्यांना कसली घाई?

हौदा आणि भार

आरसीवर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक भरलेल्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही घेऊ शकता तो माल, त्यात ड्रायव्हर आणि हमालही आले. जास्त भरलं तर क्विंटलमागं डिझेल कमी लागतं, हे खरंच आहे, आणि म्हणूनच सगळे भरतात. पण वाचलेलं डिझेल पाटे, टायर, क्लचप्लेट आणि ब्रेक यांत दामदुपटीनं जातं. वर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीच्या भाराला २०,००० रुपये दंड आणि पुढं प्रत्येक टनाला २,००० आहे.

माल पसरून, ठेंगणा लावा. केबिनच्या टपापेक्षा वर गेलेली प्रत्येक फूटभर थप्पी वाऱ्याला अडवते. ताडपत्री फडफडत असेल तर ती पालासारखी वारा धरते. दोरी कडेनंच नाही, वरूनही आडवी ओढा. कडब्यासाठी लावलेली उंच जाळी कडबा नसताना काढून ठेवा. फाळका उघडा सोडून चालवल्यानं वारा कापला जातो हा गैरसमज आहे. फायदा काही होत नाही आणि मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो.

मोंढ्यातली रांग

चालू ठेवलेलं इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं. हंगामात लातूरच्या किंवा जालन्याच्या मोंढ्यात काट्यासमोर दोन तास गेले तर पंधराएक किलोमीटरचं डिझेल उभ्या-उभ्या गेलं. एका मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. घाट चढून किंवा जोरात आलात तर टर्बो निवायला आधी मिनिटभर चालू ठेवा, मग बंद. सकाळी अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. दहा मिनिटं जागेवर गरम करायची गरज नाही.

पुष्कळ जण इंजिन बंद करत नाहीत ते सेल्फ परत मारेल की नाही या भीतीनं. अशा वेळी दोष बॅटरीत आहे. टर्मिनल घासा, चार्जिंग तपासा, नाहीतर बॅटरी बदला. दोन-तीन महिन्यांच्या रांगेतल्या डिझेलमध्ये तिचे पैसे निघतात.

अ‍ॅव्हरेज एकदम पडलं तर

हळूहळू पडलं तर फिल्टर, टायर, इंजेक्टर. आठवड्यात दीड-दोन किलोमीटरनं पडलं तर आधी वही उघडा: माल, रस्ता, पंप, ड्रायव्हर यातलं काय बदललं? मग रात्रभर उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाकून सकाळी डिझेलचा डाग बघा. मग चाकं फिरवून बघा, टर्बोचा पाइप बघा, इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावा. सगळं ठीक निघालं आणि ड्रायव्हर पगारी असेल तर टाकीला कुलूपवालं झाकण बसवून पुढच्या दोन टाक्या स्वतः समोर उभं राहून भरा. बाटलीतली औषधं, टाकीत टाकायची चुंबकं आणि ‘पॉवर वाढवणारी’ चिप यांचा नंबर या यादीत कुठंही येत नाही.